नवसागर

मामा आला तेव्हा टाकी बसवून बावीस दिवस झाले होते. लग्नाच्या पत्रिका वाटत तो सकाळपासून नाशकात हिंडत होता, आमच्याकडे पोचेपर्यंत दिवेलागण झाली. चपला काढता काढताच त्याची नजर हॉलच्या कोपऱ्यात गेली. तीन फुटी काचेची टाकी, काठोकाठ पाणी, पांढरे म्हणून आणलेले आणि आता चहात बुडवून काढल्यासारखे दिसणारे दगड, आणि वर झगझगीत निळसर दिवा. तो जवळ गेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला, एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. दगडांमागे कुणी दडलंय का हे पाहायला काचेला जवळजवळ गाल लावला. "मासे कुठंयत गं?" म्हटलं, अजून आणले नाहीत, दोन-तीन आठवडे तरी लागतील. मामा सरळ उभा राहिला, दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग हा लाइट कुणासाठी लावलाय?"

मी काहीतरी सांगितलं. जिवाणू, सायकल, समुद्राचं पाणी तयार व्हायला वेळ लागतो वगैरे. आई चहा घेऊन आली आणि विषय पत्रिकेकडे वळला. मुलीकडचं आडनाव, कार्यालय, जेवणावळ, कुणाला बोलवायचं नि कुणाला नाही. नऊला तो शेवटची गाडी गाठायला निघाला. मी कप विसळले, खरकटं काढलं, आणि रोजच्यासारखी टाकीसमोर मोडा घेऊन बसले. दिवा जळत होता. समोर पाणी, दगड आणि त्यावर साचलेली तपकिरी भुकटी.

कुणासाठी लावलाय?

टाकी मी ठरवून घेतलेली नव्हती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि त्याने ती माझ्या गळ्यात मारली. "मॅडम, गोड्या पाण्याची नको, समुद्राची करा," असा सल्लाही वर दिला, आणि पंप, हीटर, फेस काढणारा स्किमर अशा सगळ्या अवजारांची गोणी गाडीच्या डिकीत भरून दिली. नाशकात समुद्र, ही कल्पनाच मला गमतीची वाटली. आपलं गाव नदीचं. गंमत म्हणजे ब्रह्मगिरीवर जिथे गोदावरी उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर आहे. पण ही बाई त्याच्याकडे पाठ करून उलट्या दिशेला निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरातली वैतरणा मुकाट्याने पश्चिमेला उतरते. तिला शहाणी म्हणावं की गोदावरीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आमच्या वाट्याला समुद्राकडे पाठ केलेली नदी आली, एवढं खरं. तेव्हा समुद्र हवा असेल तर तो बादलीत कालवूनच करायला हवा.

तो कालवायला चार दिवस लागले. टाकी भरायला एकशे साठ लिटर पाणी, आणि तेही नळाचं चालत नाही. नळाच्या पाण्यात आपल्या जिभेला न कळणारं बरंच काही असतं. म्हणून घरच्या आरओतून थेंब थेंब गोळा करायचं. एक लिटर चांगलं पाणी हातात येईतो दोन-तीन लिटर वाया जातं. ते वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून मी फरशी पुसली, गॅलरीतल्या कुंड्या भिजवल्या, स्कूटर धुतली, शेवटी शेजारच्यांची स्कूटरही धुतली. तरी मनात टोचत राहिलं. मे महिन्यात टँकरमागे कळश्या घेऊन धावणारी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि मी काचेच्या पेटीत शोभेचा समुद्र भरत होते. आई एवढंच म्हणाली, "मीठ तरी घरचं घेऊ नकोस हं." घरचं नव्हतंच. लिटरला साधारण अडतीस ग्रॅम, म्हणजे सहा किलो खास मीठ लागलं. त्यात नुसतं मीठ नसतं, समुद्रात असतं ते कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं तोलून घातलेलं असतं. पाण्याची घनता १.०२५ भरली तेव्हा मला स्वयंपाक जमल्याचा आनंद झाला.

दगडांचंही असंच. समुद्रातून उपसलेले, जिवाणूंनी आधीच भरलेले दगड मिळाले तर काम लवकर होतं. एका दुकानदाराने दबक्या आवाजात "ओरिजिनल माल आहे" असं सांगूनही पाहिलं. पण आपल्याकडे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. घरात वाघाचं कातडं ठेवणार नाही तर हे तरी कशाला? मी भट्टीत भाजलेले सच्छिद्र कृत्रिम दगड आणले. कोरडे, पांढरे, हाडासारखे खडखडणारे. त्यांच्यात काहीही जिवंत नव्हतं. ते जिवंत होण्याची वाट बघणं, हाच पुढचा सगळा उद्योग.

हे काम समजावताना मी सगळ्यांना विरजणाचं उदाहरण देते. माशाच्या मलमूत्रातून, उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया होतो आणि तो माशाचे कल्ले जाळतो. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य. ही दोन्ही बिऱ्हाडं दगडांच्या भोकाभोकांत वसली की टाकी "सायकल झाली" म्हणायचं. मासे त्यानंतर. फरक इतकाच की दही एका रात्रीत लागतं आणि याला महिना-दीड महिना लागतो. या जिवाणूंना दुप्पट व्हायलाच एक दिवसाच्या आसपास वेळ लागतो. स्वभावानेही ते तऱ्हेवाईक. सर्गेई विनोग्रादस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले, तेव्हा नेहमीच्या जिलेटिनच्या पौष्टिक थरावर ते उगवेचनात. शेवटी त्याने वाळूच्या जातीचा, अन्नाचा कण नसलेला सिलिकाचा थर केला, त्यावर ते वाढले. आग्रह करून वाढलं की न जेवणारा एखादा पाहुणा असतो तसे. पानात काही नको, फक्त अमोनिया द्या, हवा द्या आणि आमच्याकडे बघू नका.

अमोनिया द्यायचा कसा? जुन्या पद्धतीत कच्ची कोळंबी टाकून सडवतात. आमच्या शाकाहारी घरात तो प्रश्न आईने एका नजरेत निकालात काढला. शिवाय सडणाऱ्या कोळंबीतून फॉस्फेटही पाण्यात उतरतं, ते शेवाळाचं आवडतं खाद्य. दुसरा मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइड. चिमूटभर, मोजून. हा शब्द मी दोन-चार दिवस नुसता वाचत होते आणि मग एकदम लक्षात आलं, अगं, हा तर नवसागर!

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. चौकात एका कडेला खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता हलवायला आम्हा मुलांपैकी कुणालातरी बसवायचा. घराघरातून पितळेची पातेली, पराती, तांबे निघत. तांबट आळीत ठोकून घेतलेली, आजीच्या लग्नातली, नावं कोरलेली. भांडं तापून रंग बदलायला लागलं की तो कापसाचा बोळा पांढऱ्या भुकटीत बुडवून आतून फिरवी आणि भस्सकन पांढरा धूर उठे. तो धूर नाकात असा चावायचा की डोळ्यांत पाणी यायचं, तरी आम्ही मागे सरत नसू. मग कथलाची कांडी एकदा टेकवली की बोळ्यामागे चांदी धावत जायची. काळं भांडं आरशासारखं व्हायचं आणि पाण्यात बुडवलं की चर्र! ती पांढरी भुकटी नवसागर होती. तापला की त्यातून अमोनिया सुटतो, सोबतचं आम्ल भांड्याचा मळ खातं आणि वर हवेत ती दोघं पुन्हा एकत्र येऊन पांढरा धूर होतात. हे आता कळतं. तेव्हा ती निव्वळ जादू होती.

हौसेने मेन रोडच्या मागच्या एका जुन्या दुकानात गेले. "नवसागर आहे का?" म्हातारा दुकानदार म्हणाला, "कल्हईला?" म्हटलं, "नाही, माशांना." त्याने चष्मा नाकावर खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. त्याचंही चुकलं नाही. हल्ली नवसागर वर्तमानपत्रात काळ्या गुळाच्या जोडीनेच येतो, हातभट्टीवर धाड पडली की. पन्नास ग्रॅम पुडी बांधून दिली खरी, पण ती मी टाकीत घातली नाही. तिच्यात आणखी काय काय असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइडची बाटली आणली. एकशे साठ लिटरला एक ग्रॅम. तेवढ्याने अमोनिया दोन पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांच्या, आसपास जातो. पुडी मात्र अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. तिच्यावर पेन्सिलने लिहिलेला तो शब्द मी कितीदा तरी वाचला. नव सागर. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे असणार नाही, पण माझ्या कोपऱ्यातल्या कामाला दुसरं नाव शोधायची गरज उरली नाही.

रोज संध्याकाळी काचेच्या तीन नळ्या भरायच्या, थेंब मोजायचे, हलवायच्या आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया असेल तर हिरवा रंग, नसेल तर पिवळा. नायट्राइट असेल तर जांभळा, नसेल तर फिकट निळा. नायट्रेट पिवळ्यापासून लालपर्यंत. पहिले नऊ दिवस हिरवा तो हिरवाच. दहाव्या दिवशी दुसरी नळी किंचित जांभळी झाली तेव्हा मी आईला हाक मारून दाखवली. ती हात पुसत आली, नळी उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "कोकमाचं सरबत दिसतंय." तिच्या आवाजात कौतुक होतं, पण ते माझं होतं की नळीचं ते कळलं नाही.

त्या नळ्यांसमोर बसल्यावर सारखे गोल्डफिश आठवत. मी सातवीत असताना बाबांनी शालिमारच्या एका दुकानातून तीन आणले होते, फुगवलेल्या पिशवीत, आणि एक गोल काचेचं भांडं. बाबा दर रविवारी ते भांडं घासूनपुसून लख्ख करत. सगळं पाणी ओतून नवं, तळाचे रंगीत खडे चाळणीत धुऊन पुन्हा आत. पहिला मासा दुसऱ्या आठवड्यात गेला, दुसरा त्यानंतर चार दिवसांनी. तिसरा दिवाळीपर्यंत टिकला. तिघांनाही आम्ही वाड्यातल्या जास्वंदीखाली पुरलं. बाबा हळहळले, "पाण्यात तर काही दोष नव्हता, इतकं स्वच्छ ठेवलं." दोष तोच होता. दर रविवारी ते कष्टाने धुऊन टाकत होते ते नेमकं हेच, ज्याची मी आता महिनाभर वाट बघत बसले होते. हे कळलं तेव्हा मी आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. "रविवारी तेवढं एकच काम मनापासून करायचे. राहू दे," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

तर, दिवा.

खरं सांगायचं तर तो बंद ठेवायचा असतो हे मला पहिल्यापासून माहीत होतं. सायकल चालू असताना उजेडाची गरज कुणालाच नसते. त्या जिवाणूंना तर तो सोसतही नाही, कडक प्रकाशात त्यांचं काम मंदावतं. उजेड हवा असतो फक्त शेवाळाला. तरीही मी रोज लावत होते. आधी तासभर. मग सोसायटीतलं कुणी बघायला आलं की. मग ते आले नाहीत तरी. निळा उजेड पाण्यातून खाली उतरतो आणि पंपाच्या लाटेने वाळूवर थरथरतो, ते बघत बसलं की दिवसभराच्या आकड्यांचा गुंता डोक्यातून उतरायचा. चौदाव्या दिवशी वाळूवर सोनेरी-तपकिरी झाक आली. मला वाटलं उजेडाचा खेळ. सोळाव्या दिवशी दगडांवर. बोट फिरवलं की धुरळा उडायचा आणि सकाळी झोपेतून उठून बघावं तर पुन्हा तसाच. डायटम. काचेचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. त्या कवचासाठी त्यांना सिलिका लागते आणि ती मीच पुरवली होती: आरओनंतर लावायची, उरलीसुरली सिलिका धरून ठेवणारी रेझिनची नळी मी खर्च वाचवायला टाळली होती. पाण्यात विरघळलेलं काय उरलंय ते मोजणाऱ्या मीटरवर आकडा आठ दिसला, म्हटलं आठ म्हणजे काय, शून्यच की.

डायटमचा मला रागही धड येईना. ऑफिसला जाताना वाटेत श्वास घेते, त्या हवेतल्या प्राणवायूचा मोठा वाटा समुद्रातल्या असल्याच डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी केलेला. पुढच्या आठवड्यात वाळूच्या एका कोपऱ्यावर लालसर बुळबुळीत साय धरली, सायनोबॅक्टेरिया. हे तर थोरले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी या पृथ्वीची हवा श्वास घेण्याजोगी व्हायला लागली ती यांच्यामुळे. आणि मी हातात जुना टूथब्रश घेऊन त्यांना खरवडत होते. आजोबांच्या आजोबांना घराबाहेर काढावं तसं. पण अपराधी वाटून शेवाळ कमी होत नाही. तेविसाव्या दिवशी, म्हणजे मामा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दगडाच्या टोकावर हिरवे केस दिसले. चिमटीत धरण्याइतके लांब.

दोन दिवसांनी मामाचा फोन आला. पत्रिकांची अदलाबदल झाली होती, आमच्या पाकिटात दुसऱ्या कुणाचं नाव गेलं होतं. ते निस्तरून झाल्यावर म्हणाला, "त्या नळ्या कसल्या गं भरत होतीस?" मी सांगितलं. पलीकडे जरा शांतता. "म्हणजे आमचं देठ परीक्षणच की." मामाची निफाडला चार एकर द्राक्षबाग आहे. वेलीला काय कमी काय जास्त हे कळायला ते पानांचे देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवतात. मग त्यानेच उलट मला विचारायला सुरुवात केली. अमोनिया म्हणजे कच्चं शेणखत ना? कच्चं घातलं तर मुळं जळतात. कुजून मुरलं की लागू पडतं. आणि ते शेवटचं नायट्रेट म्हणजे नत्र. "नत्र जास्त झालंय तुझं. स्फुरद पण असणार कुठून तरी. वर ऊन. मग माजणारच. आमच्याकडं नत्र वाढलं की वेल नुसती पाल्यावर जाते, घड नाही धरत." महिनाभर मी नायट्रेट-फॉस्फेट म्हणत होते, ते त्याने एका वाक्यात नत्र-स्फुरद करून टाकलं आणि एकदम सगळं ओळखीचं झालं. "ऊन तोड आधी," तो म्हणाला. "खत काढता येत नाही पटकन. ऊन तोडता येतं."

त्याचं शेत नांदूरमधमेश्वरच्या बाजूला आहे, गोदावरी आणि कादवा मिळतात त्या धरणाजवळ. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते. थंडीत तिथे बदकांचे थवे उतरतात आणि जांभळ्या पाणकोंबड्या हिरव्या गालिच्यावर लांब बोटं टाकत चालतात. त्या हिरव्यात पाणवेलीही असतात. शहरातून खाली वाहून गेलेलं सगळं तिथे हिरवं होऊन उगवतं: आपली मोरी, आपलं साबणाचं पाणी, आपलं नत्र आणि आपलं स्फुरद. उन्हाळ्यात तपोवनाखाली नदीचं पाणी दिसेनासं होतं आणि लांबून एखाद्याला वाटावं, किती छान कुरण आहे. लहानपणी मीही तसं म्हटलं होतं आणि मामा हसला होता. माझ्या टाकीतल्या हिरव्या केसांचं आणि त्या पाणवेलींचं रसायन एकच. फरक एवढाच की माझ्याकडे स्विच होता.

त्या रात्री मी दिवा बंद केला. नुसता बंद करून भागेना, गॅलरीतून दुपारचं ऊन तिरकं यायचं. कपाटातून आईची जुनी सोलापुरी चादर काढली आणि टाकीला चारी बाजूंनी गुंडाळली. हवेसाठी वरची बाजू जरा उघडी. हीटर, पंप, स्किमर चालू. हॉलच्या कोपऱ्यात आजारी माणूस पांघरूण घेऊन बसलाय असं दिसत होतं. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "झाकून का ठेवलंय? काही अशुभ?" पहिले दोन दिवस मला करमेना. संध्याकाळी मोडा ओढायची सवय झालेली, मी तो ओढायचे आणि चादरीसमोर बसायचे. मग हळूहळू आवाज ऐकू यायला लागले. दिवा असताना ते कधी ऐकलेच नव्हते. पंपाची बारीक घरघर, स्किमरमध्ये फुटणाऱ्या बुडबुड्यांची कुजबुज, हीटर लागताना होणारी टिक. डिसेंबर संपत आला होता, निफाडचा पारा रोज बातमीत होता, आणि मामाकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवून, ठिबक चालू ठेवून घड वाचवायची धावपळ चालली होती. इथे चादरीखाली सव्वीस अंश. एकदा मध्यरात्री उठून मी कोपऱ्यातून हात आत घातला. कोमट, जड, किंचित तेलकट लागणारं पाणी. बोटं बाहेर काढून हुंगली. कोकणात एस्टीतून उतरल्यावर पहिल्या वळणाला येतो तोच वास, अगदी पुसट. झोप लागायला वेळ लागला.

पाचव्या दिवशी चादर काढली. हिरवे केस पिवळट, मरगळलेले. टूथब्रशने हलवले की सुटून येत होते. ते नळीने ओढून बाहेर काढले, रेझिनची नळी मुकाट्याने विकत आणली. लाल सायही पातळ झाली होती. अडतिसाव्या दिवशी पुन्हा एक ग्रॅम नवसागराची परीक्षा घेतली. चोवीस तासांनी पहिली नळी पिवळी, दुसरी फिकट निळी, तिसरी गडद नारिंगी. बिऱ्हाडं वसली होती. नायट्रेट चाळीसवर गेलं होतं, म्हणून अर्धं पाणी बदलून ते विसावर आणलं. या वेळी मीटरवर शून्य. वाया गेलेल्या पाण्याने मी पुन्हा शेजाऱ्यांची स्कूटर धुतली. ते आता कारण विचारत नाहीत.

त्यानंतरही मासे आणायची घाई केली नाही. दिव्याला टायमर लावला, संध्याकाळी चार ते आठ, फक्त चार तास. काचेवर थोडं शेवाळ उरलंच होतं आणि ते उरतंच. म्हणून आधी पाच शंखवाल्या गोगलगायी आणल्या. भोवऱ्याच्या आकाराच्या. पहिल्याच संध्याकाळी एक पुढच्या काचेवर चढली. काचेला नाक लावून बघितलं तर तिचं तोंड दिसतं. बारीक, ओठासारखं, उघडतं, काच चाटतं, मिटतं, अर्धा मिलिमीटर पुढे सरकतं, पुन्हा उघडतं. तिच्यामागे हिरव्या धुक्यात नागमोडी स्वच्छ पट्टी उरत जाते. तिला एक वीत जायला किती वेळ लागतो ते मी एकदा मोजलं होतं. मोजताना भात करपला.

मार्चमध्ये मामा द्राक्षांची पेटी घेऊन आला. थंडीने नुकसान केलं होतं, पण वाचलं ते गोड होतं. पेटी आईकडे देऊन तो थेट कोपऱ्यात गेला. दिवा लागलेला होता, दगड आता राखाडी आणि एका ठिकाणी गुलाबी ठिपका धरलेले. "अजून पण मासे नाही?" म्हटलं, पुढच्या आठवड्यात, दोन. "आणि हे काय चिकटलंय?" मी सांगितलं. शेवाळ खातात. केवढ्याला? दोनशेला एक. मामा हळूच मोड्यावर बसला.

"दोनशेला गोगलगाय?" तो म्हणाला. "पावसाळ्यात सोयाबीनात ये माझ्याकडं. रात्री बॅटरी घेऊन बादल्या भरतो आम्ही. वेचायला माणसं लावावी लागतात." मग तो हसायलाच लागला. आधी गालात, मग खांदे हलायला लागेपर्यंत. "वेचून काय करतो माहितेय? मीठ टाकतो त्यांच्यावर. मिठानं मरतात त्या. आणि तू सहा किलो मिठात पाळल्यास!"

आई पण हसली, मीही. मग त्याचं हसणं ओसरलं आणि तो बघत राहिला. गोगलगाय खालच्या कोपऱ्याकडे निघाली होती, मामाने तिच्या पुढे काचेवर बोट ठेवलं, जणू तिथपर्यंत पोचते का बघू. आईने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. आठ वाजता टायमरने खट् करून दिवा बंद केला. मी हॉलची ट्यूब लावायला उठले तर त्याने हातानेच थांब म्हटलं. बोट अजून काचेवरच होतं.